कोरोनच्या उपसागरातली बुडालेली जहाजं : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी नकाशातला एक घोळ निस्तरून घ्या. फिलिपिन्समधलं कोरोन गाव कोरोन बेटावर नाही. ते आहे बुसुआंगा बेटावर. गावाच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर चुनखडीच्या काळपट कड्यांचं जे बेट दिसतं, ते कोरोन. आणि ज्या जहाजांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांतली बहुतेक पश्चिमेकडे लुसोंग, तांगात, सांगात अशा लहान बेटांच्या आजूबाजूला तळाशी पडून आहेत. धक्क्यावरून होडीने तास-दीड तास तरी धरा. ‘जहाजांपासून पाच मिनिटांवर’ अशी हॉटेलची जाहिरात वाचलीत, तर ती पाच मिनिटं डाइव्ह सेंटरपर्यंतची आहेत असं समजायचं.

ज्यांनी पाण्याखाली उभं-आडवं पडलेलं जहाज कधी पाहिलेलं नाही, पण एकदा पाहायचंच आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोरोन मी मुद्दाम निवडलं. युद्धातल्या जहाजांसाठी नावाजलेल्या बऱ्याच जागा थंड, खोल किंवा फारच आडबाजूला आहेत. इथलं पाणी कोमट आहे, आणि काही जहाजं इतकी उथळ आहेत की शिकाऊ माणसालाही पाहता येतात.

आधी ती सकाळ समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग वर येऊन म्हणतात, ‘गंजलेला पत्राच तर होता.’ पत्राच दिसणार, जर खाली काय आहे हे ठाऊक नसेल तर.

तारीख 24 सप्टेंबर 1944. पॅसिफिकमधलं युद्ध जपानच्या हातून निसटत चाललं होतं. तीनच दिवस आधी अमेरिकी विमानांनी मनिलाचं बंदर झोडपून काढलं होतं. रसद वाहणाऱ्या जपानी जहाजांना आता आडोसा हवा होता, आणि तो त्यांना या बेटांत मिळाला. चहूबाजूंनी डोंगराळ बेटं, मध्ये खोल आणि शांत पाणी. वादळाची चाहूल लागल्यावर एखाद्या तांडेलाने होडी घालावी, तशीच जागा. शिवाय अमेरिकी विमानवाहू जहाजं तिथून तीनशेहून जास्त मैल लांब होती. एवढ्या पल्ल्यावरून कोण येतंय, असा हिशेब असावा. तो चुकला. अमेरिकी नौदलाच्या ‘टास्क फोर्स 38’ या विमानवाहू ताफ्याची विमानं सकाळी येऊन थडकली, आणि बेटांच्या आडोशाने नांगर टाकून बसलेल्या जहाजांना पळायला वाव राहिला नाही. महिना उलटायच्या आत, 20 ऑक्टोबरला, अमेरिकी फौजा लेते बेटावर उतरल्या.

गाइड तुम्हाला एक गोष्ट हमखास सांगेल. टेहळणीच्या फोटोंत काही ‘बेटं’ एका फोटोतून दुसऱ्या फोटोत सरकलेली दिसली, म्हणजे ती झाडोऱ्याने झाकलेली जहाजं होती, वगैरे. ऐकायला छान आहे. मी ती किनाऱ्यावरच्या गोष्टींच्या खात्यात टाकली आहे.

नावांचंही थोडं समजून घ्या. ‘मारू’ हे जपानी व्यापारी जहाजांच्या नावामागे लागतं. ओलिंपिया मारू, कोग्यो मारू, मोराझान मारू ही सगळी मालवाहू जहाजं युद्धाच्या कामाला जुंपलेली होती. ‘इराको’ आणि ‘अकित्सुशिमा’ यांच्यामागे मारू नाही, कारण ती नौदलाचीच. मोराझान मारूची कहाणी तर आणखी वेगळी आहे. 1908 साली ब्रिटनमध्ये बांधलेलं हे जहाज जपान्यांनी युद्धात ताब्यात घेतलं आणि जपानी नाव लावून पाण्यात सोडलं. आणखी एक गोंधळ म्हणजे इथला सगळ्यात मोठा तेलवाहू सांगाडा बरीच वर्षं ‘ताइएइ मारू’ म्हणून दाखवला जात होता. आता तो ‘ओकिकावा मारू’ म्हणून ओळखला जातो. एखाद्या फळ्यावर दोन्ही नावं दिसली तर दोन जहाजं समजून दोनदा पैसे भरू नका.

जायच्या आधी प्रत्येक जहाजाचा एक साधा आराखडा कागदावर काढून घ्या. नाळ (पुढचं टोक) कुठे, मागचं टोक कुठे, मालाचे हौदे किती, जहाज उभं आहे की कुशीवर. ही पाच मिनिटांची चित्रकला खाली फार कामाला येते. कारण कुशीवर पडलेल्या जहाजात डेक भिंत झालेला असतो, भिंत जमीन झालेली असते, आणि जिना आडवा पडलेला असतो. डोकं आधीच तयार नसेल तर अर्धी बुडी ‘आपण कुठे आहोत’ यातच जाते.

‘मालवणला स्कूबा केलंय’

हे वाक्य कोरोनच्या डाइव्ह सेंटरमध्ये बोलू नका. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपण जे करतो, त्यात टाकी आपल्या पाठीवर असते पण ताबा प्रशिक्षकाच्या हातात असतो. मजा येते, रंगीत मासे दिसतात, व्हिडिओ मिळतो. पण ते प्रशिक्षण नव्हे.

जहाजांवर उतरायला किमान ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र हवं. तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम असतो. थोडा सिद्धान्त, तलावातला किंवा उथळ पाण्यातला सराव, आणि समुद्रात चार बुड्या. त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. पुढे ‘अॅडव्हान्स्ड’ केलंत तर 30 मीटरपर्यंत. पोहता आलं पाहिजे. स्पर्धेसारखं नाही, पण न थांबता 200 मीटर आणि दहा मिनिटं तरंगणं, एवढं जमायला हवं. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. अंदमानात स्वराज द्वीपला, पुदुच्चेरीत आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीलाही हे शिकता येतं. पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद असतो, हे गृहीत धरूनच आखणी करा.

कोरोनला जाऊनही शिकता येतं, पण माझं मत विचाराल तर शिकून जा. सुट्टीचे पाच दिवस असतील आणि त्यातले चार डोळ्यांवरच्या मुखवट्यात पाणी भरून ते काढायच्या सरावात गेले, तर जहाजं राहिली बाजूला.

प्रमाणपत्रापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पाण्यात स्थिर तरंगता येणं. वर नाही, खाली नाही, हात न मारता. पहिल्यांदा एका सांगाड्याजवळ गेलो तेव्हा मी उत्साहाच्या भरात फिन्स (पायातले वल्ह्यासारखे पंख) खाली मारले, आणि तळाचा गाळ असा काही उसळला की मागून येणाऱ्या दोघांना जहाजाऐवजी ताक दिसलं. वर आल्यावर ते दोघे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यामुळे घरून निघण्याआधी सात-आठ जास्तीच्या बुड्या पदरात पाडून घ्या.

दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाची शस्त्रक्रिया यांबद्दल एक वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. सगळ्या रकान्यांत डोळे मिटून ‘नाही’ लिहिण्याची आपली सवय इथे सोडा. फॉर्म घरीच डाऊनलोड करा, एखादं ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही इथूनच घेऊन जा. ऐन वेळी तिकडे डॉक्टर शोधत बसावं लागत नाही.

कधी, कसं

नोव्हेंबर ते मे. त्यातही मार्च ते मे समुद्र सगळ्यात शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचे वारे असतात, त्यांना तिकडे ‘अमिहान’ म्हणतात. तेव्हा होडी हिंदकळते. जूनपासून ‘हाबागात’, म्हणजे आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा, आणि सोबत वादळांचा हंगाम. नोव्हेंबर सुरक्षितच असतो असंही नाही. 2013 च्या 8 नोव्हेंबरला ‘योलांडा’ चक्रीवादळ या बेटांवरूनही गेलं होतं. प्रवास-विमा काढाच, आणि त्यात स्कूबा समाविष्ट आहे का ते बारीक अक्षरांत वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसींत नसतं.

मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे मनिला, तिथून तासाभरात बुसुआंगाचा छोटा विमानतळ, आणि पुढे व्हॅनने गाव. 2025 च्या जूनपासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही. पण असे नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. ‘ईट्रॅव्हल’ नावाची ऑनलाइन नोंदणी आगमनाआधीच्या तीन दिवसांत करायची असते. ती फुकट आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर गेलात तर चुकीच्या दारात आहात. बुसुआंग्याची विमानं लहान असतात आणि सामानाची मर्यादा कडक. मुखवटा आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) आपला न्या, बाकी तिथे भाड्याने घ्या.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांची चंगळ. ‘किनिलाव’ म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेली कच्ची मासळी, एकदा खाऊन बघाच. शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहायचं. तिकडे भाजीतही माशाचा सॉस किंवा कोळंबीची चटणी सर्रास पडते, आणि ‘नो मीट’ म्हटलं की ती निघत नाही. ठेपले, भडंग, लाडू न्या. तसंही होडीवर दोन बुड्यांच्या मध्ये भडंगाला तोड नाही.

सेंटर निवडताना

किंमत शेवटी विचारा. आधी विचारा : एका गाइडमागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर पुढचं दुकान बघा. होडीवर ऑक्सिजन आहे का, आणि तो कुठे ठेवलाय हे दाखवता का? काही झालं तर सगळ्यात जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर दाबाखाली उपचार करायची बंद खोली) कुठे, आणि तिथवर न्यायची व्यवस्था काय? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा न अडखळता उत्तर देतो की हसून टाळतो, त्यावरून बरंच कळतं. आणि तुमच्या लॉगबुकात, म्हणजे बुड्यांच्या नोंदवहीत, दहाच बुड्या पाहूनही कोणी ‘उद्या इराको करू’ म्हणालं (ते फार खोलावर आहे), तर नमस्कार करून बाहेर पडा.

होडीला तिकडे ‘बांका’ म्हणतात. आपल्या कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी असते, यांना दोन्ही बाजूंना, बांबूच्या. डुलते कमी, पण पाण्यातून वर चढताना बांबूत डोकं आपटायचा चांगला योग असतो. वर येताना एक हात डोक्यावर.

कुठल्या क्रमाने उतरायचं

पहिला दिवस लुसोंगच्या गनबोटीला (तोफा बसवलेल्या लहान लढाऊ बोटीला) द्या. पंचवीस-तीस मीटरची लहानशी बोट, 1 ते 10 मीटर खोलीवर. ओहोटीला तिचं टोक पाण्याबाहेर येतं. उजेड भरपूर, त्यावर वाढलेलं प्रवाळ भरपूर. इथे कान मोकळे होतात का, कमरेला बांधलेलं वजन बरोबर आहे का, मुखवटा गळतो का, हे सगळं कळून येतं. त्याच दिवशी तांगात बेटाच्या पूर्वेची गनबोट करता येते. ती उतारावर पडली आहे, वरचं टोक 3 मीटरवर, खालचं साधारण 22 वर. ओपन वॉटरवाल्यांनी 18 ला थांबायचं, तिथवर पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसऱ्या दिवशी मोराझान मारू किंवा ओकिकावा मारू. मोराझान उजव्या कुशीवर आहे, वरची बाजू 12 मीटरच्या आसपास. तुम्ही खरं तर तिच्या डाव्या बाजूवरून तरंगत असता, पण वाटतं एखाद्या पठारावरून चाललोय. नंतर कडेपाशी येऊन खाली वाकायचं आणि डेक उभ्या भिंतीसारखा समोर येतो. आधी काढलेला आराखडा इथे आठवा.

ओकिकावा ही माझी लाडकी. दीडशे मीटरहून लांब तेलवाहू जहाज, जवळजवळ सरळ बसलेलं. डेक 10 ते 16 मीटरवर, म्हणजे प्रमाणपत्राच्या मर्यादेत राहून सगळ्या डेकवरून फिरता येतं. पाइपांचं जाळं, त्यावर कोबीच्या पानांसारखं पसरलेलं प्रवाळ, आणि वर माशांचे थवे. कधीकधी इथे पाण्याला ओढ असते. दोरी धरून उतरायचं, दोरी धरूनच चढायचं, लाज वाटायचं कारण नाही. एका बुडीत हे जहाज संपत नाही, दोन ठेवा.

ओलिंपिया आणि कोग्यो यांच्यासाठी अॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र असलेलं बरं. कोग्योच्या पोटात बांधकामाचं सामान होतं. सिमेंटची पोती पाण्याने दगड होऊन गेली आहेत, पण पोत्यांचा आकार तसाच राहिलाय, रचलेले थरही. तारांच्या जाळीच्या गुंडाळ्या आहेत, एक लहान बुलडोझरही आहे. कुठेतरी धावपट्टी बांधायला निघालेला माल असेल. तोफा पाहून जे वाटत नाही ते ही पोती पाहून वाटतं. कुणीतरी ती मोजून चढवली असतील, पावती केली असेल.

अकित्सुशिमा डाव्या कुशीवर, साधारण 22 पासून 36 मीटरपर्यंत. समुद्रावर उतरणाऱ्या अजस्र विमानांची देखभाल करणारं हे जहाज, त्यांना उचलायची प्रचंड क्रेन त्याच्या मागच्या भागात होती. ती आता बाजूला पडली आहे. इराको त्याहून खोल, तळ 40 मीटरच्या पुढे. हे शिधा पुरवणारं, शीतगृह असलेलं जहाज. आत मिठाई बनवायचीसुद्धा सोय होती, आणि त्याची ‘मोनाका’ नावाची गोड पापडी जपानी खलाशांत प्रसिद्ध होती. ही दोन जहाजं पहिल्या सहलीत करू नका. 30 मीटरच्या खाली नायट्रोजनची झिंग चढते. माणूस शांतपणे, आनंदाने चुका करतो. शिवाय तिथे वेळ मिनिटांत मोजावा लागतो, आणि घाईत पाहिलेलं इराको म्हणजे न पाहिलेलंच.

खाली असताना

कान दुखायच्या आधी मोकळे करा, दुखल्यावर नव्हे. मीटर-दीड मीटरला एकदा. सर्दी असेल तर त्या दिवशी होडीवर बसून भडंग खा. श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट हवी. वर येताना सावकाश, मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नाही, आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा.

हातमोजे घालून सगळीकडे हात लावत सुटू नका. पत्र्यावर कालवं चिकटलेली असतात. अनवाणी खडकावर चाललेल्या कोकणी माणसाला त्यांची धार सांगायला नको. त्यातच विंचूमासा बसलेला असतो, हुबेहूब गंजासारखा. सिंहमासा निदान दिसतो तरी.

टॉर्च दिवसाही न्या. दहा-पंधरा मीटरखाली लाल रंग उरत नाही, सगळं निळसर करडं होतं. प्रकाश टाकल्यावर त्याच पत्र्यावर शेंदरी, जांभळं, पिवळं असं काय काय उजळतं. पाणी काचेसारखं असेल ही अपेक्षा मात्र नको. इथे 5 मीटरही दिसू शकतं, 20 ही.

काहीही उचलायचं नाही. बाटली नाही, बशीचा तुकडा नाही, खिळा नाही. या जहाजांबरोबर माणसंही गेली आहेत. आणि गोल, गंजकं, ओळखू न येणारं काही दिसलं तर त्यापासून दूर राहा. ती युद्धाची जहाजं आहेत.

आत जायचं का?

नाही. गाइड म्हणेल, ‘सोपं आहे, या बाजूने शिरायचं, त्या बाजूने निघायचं.’ इंजिनरूममधले फोटो तुम्ही पाहिलेले असतील, आणि मोह होणार. पण डोक्यावर छप्पर आलं की घाबरल्यावर सरळ वर जाण्याची वाट बंद झाली, एवढं एकच लक्षात ठेवा. ऐंशी वर्षांचा गंज आहे, श्वासाचे बुडबुडे छताला लागले तरी त्याची पूड झडते. एक फिन चुकीचा पडला की हाताची बोटं दिसत नाहीत. आत जाण्यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं. दोरीचं रीळ, दोन टॉर्च, आणि हवेचा तिसरा हिस्सा जाताना, तिसरा परतताना, उरलेला अडचणीसाठी राखून. ते शिकून या, मग कोरोनसारखी जागा नाही. तोवर हौद्याच्या तोंडाशी थांबून टॉर्च आत टाका. कोग्योची पोती तिथूनही दिसतात.

हा नियम आपल्या घरच्या जहाजालाही लागू राहील. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवायचा प्रकल्प महाराष्ट्राने हाती घेतला आहे. अशी जहाजं तेल काढून, धोकादायक भाग साफ करून मुद्दाम बुडवतात. कोरोनची कुणी साफ केलेली नाहीत. दोन्हींना ‘शिपरेक’च म्हटलं तरी फरक लक्षात असू द्या.

टाकी नको असेल तर

लुसोंगची बोट स्नॉर्कलने (श्वासाची नळी तोंडात धरून), पाण्यावर पालथं पडूनही दिसते. भरती-ओहोटीची वेळ विचारून ओहोटीला जा. घरातल्या लहानांना आणि पाण्याला बिचकणाऱ्यांना लाइफ जॅकेट घालून हे छान जमतं. सोबत कोरोन बेटावरचं कायांगान तळं होतं. ते बेट तागबानुवा या मूळ रहिवाशांच्या मालकीचं आहे. काही तळी त्यांना पवित्र आहेत आणि पाहुण्यांना बंद. जिथे ‘नको’ म्हणतील तिथे नको.

शेवटचा दिवस

शेवटची बुडी आणि विमान यांत किमान 18 तास हवेत, मी पूर्ण दिवस ठेवतो. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातल्या कमी दाबात तो बुडबुड्यांच्या रूपाने त्रास देऊ शकतो. तेव्हा सकाळचं विमान आदल्या दुपारच्या बुडीला जोडू नका. त्या दिवशी सकाळी उपकरणं गोड्या पाण्यात धुऊन वाळत घाला, लॉगबुकात खोली, वेळ आणि जहाजाचं नाव लिहा. दोन नावं असतील तर दोन्ही. संध्याकाळी गावामागच्या तापयास टेकडीवर जा. सातशेहून जास्त पायऱ्या आहेत, उन्हं उतरल्यावरच चढा आणि पाणी सोबत घ्या. वरून गाव, धक्का, कोरोन बेटाचे कडे सगळं एका नजरेत येतं. सूर्य मावळतो त्या बाजूला एकामागे एक बेटं दिसतात. गेले चार दिवस तुम्ही होतात ते त्यांच्या मधल्या पाण्यात.